जनरेटरचा पावसाळा

यंदा श्रावण लागल्यापासून आज तिसऱ्यांदा वीज गेली. जाताना ती नेहमी तशीच जाते. वडखळच्या बाजूला लांब कुठेतरी दबका आवाज होतो, फ्रिजची घरघर तुटते, पंखा उरलेल्या वेगावर चार-सहा फेरे घेतो आणि थांबतो. मग इतका वेळ जे ऐकूच येत नव्हतं ते ऐकू यायला लागतं. पागोळ्यांचं टपटपणं, भिंतीतला कसलासा खुडखुडाट, शेजारच्या घरात कुणीतरी हळूच ठेवलेलं भांडं.

लोक अशा वेळी मेणबत्ती शोधतात, मोबाइलची बॅटरी लावतात. मी आहे तिथेच बसते आणि आधी आपल्या डोक्याला विचारते, दुखतंय का? मग हाताची नखं खिडकीतल्या उजेडाकडे धरून बघते. मग उठून घरातल्या सगळ्या खोल्यांमधून एक चक्कर मारते आणि प्रत्येक खुर्ची रिकामी आहे ना, हे पाहून घेते. ही सवय मला चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्याने लावली.

आमचं घर पेणमध्ये, मूर्तिकारांच्या आळीच्या टोकाला. घरात तेव्हा आम्ही तिघं होतो. मी, शोभा, हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवणारी. माझा नवरा सुधीर रोह्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टवर. आणि माझी आई. आईचं सगळं आयुष्य गागोद्याच्या बाजूला गेलं. घरची शेती होती, ती कसणारी माणसं हळूहळू मास्तरकीत, बँकांत, शहरांत पांगली, आणि वडील गेल्यावर एवढ्या मोठ्या घरात ती एकटी उरली. तिला मी इकडे घेऊन आले तेव्हा तिची फुप्फुसं आक्रसायला लागली होती. वर्षभरात तिला ऑक्सिजनचं मशीन लागलं, आधी रात्रीपुरतं, मग दिवसरात्र. पलंगाशेजारी ते उभं असायचं. हवा आत ओढायचं, थांबायचं, फस्सकन सोडायचं. पाहुण्यांना तो आवाज दोन मिनिटांत नकोसा व्हायचा. आम्हाला तो थांबला तरच जाग यायची.

त्या आषाढात धरमतरच्या बाजूने एक जोराचं वादळ आलं आणि खाडीकडचे विजेचे खांब भाताच्या काडीसारखे वाकले. नंतर कित्येक आठवडे वीज पाहुणीसारखी येत-जात राहिली. घरात दिव्या-पंख्यापुरता इन्व्हर्टर होता. आईचं मशीन त्यावर जेमतेम दीड तास चालायचं. पहिल्यांदा तो संपला तेव्हा संध्याकाळ होती. मशीन एकदम गप्प झालं. मी अडीअडचणीसाठी ठेवलेला छोटा सिलिंडर कपाटातून ओढून काढेपर्यंत आईचे ओठ जांभळाच्या रंगाचे झाले होते. ती फक्त माझ्या हातांकडे बघत राहिली, मी वर्गात एखाद्या पोराच्या प्रयोगाकडे बघते तशी.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही जनरेटर निवडायला बसलो. सुधीरने जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर यादी केली. आईचं मशीन, दोन दिवे, एक पंखा, फ्रिज. त्याचं मन मोठ्या बॅटऱ्यांच्या इन्व्हर्टरकडे ओढत होतं, पण वीजच दिवसभर आली नाही तर बॅटऱ्या भरायच्या कशावर? डिझेलचा जनरेटर शेजारीच होता, दत्तूकाकांच्या गणपतीच्या कारखान्यात. तो सुरू झाला की सगळी आळी थरथरायची आणि भकाभका काळा धूर आमच्या दोरीवरच्या कपड्यांवर यायचा. एकदा तो चालू असताना मी कारखान्यात डोकावले होते. आत फळ्यांवर छतापर्यंत पांढऱ्या मूर्ती मांडलेल्या, अजून डोळे न रेखलेल्या, आणि त्या हादऱ्याने सगळ्यांच्या माना किंचित, एका तालात, हलताहेत असं वाटलं. माना हलणं शक्य नव्हतं हे मला कळत होतं. फळ्या हलत होत्या. तरी मी पटकन बाहेर आले होते.

म्हणून आम्हाला हवा होता पेट्रोलचा, लहान, शांत. हायवेवरच्या दुकानात तो मिळाला. प्रवासी बॅगेएवढा, वर धरायला मूठ. दुकानदार सावकाश बोलणारा माणूस होता. त्याने दोरी ओढून मशीन सुरू केलं आणि खिशातला पांढरा रुमाल धूर निघतो त्या नळीपुढे धरला. रुमाल फुलला, फडफडला. मग तो उलगडून त्याने आम्हाला दाखवला. एकही काळा डाग नव्हता. मशीन उघड्यावर ठेवा, घरापासून लांब, वर पत्रा टाका, बंद जागेत अजिबात चालवू नका, असं त्याने बजावलं. दोनदा बजावलं. मी मान डोलावली, माझी मुलं वर्गात डोलावतात तशी. मनात तो रुमाल राहिला.

कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, गंध नाही, चव नाही. पंचवीस वर्षं मी हे फळ्यावर लिहीत आले होते. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो, हे तोंडपाठ होतं. मुलांना मी बंद गॅरेजचं उदाहरण द्यायचे. आमच्या पेणात गॅरेज कुणाच्या घराला असतं? ते उदाहरण पुस्तकातलं होतं आणि पुस्तकातच राहिलं.

पहिले दोन दिवस जनरेटर अंगणात पत्र्याखाली होता. पण आमच्याकडे पाऊस सरळ पडत नाही. तो खाडीकडून तिरका येतो आणि पत्र्याखाली शिरतो. दुसऱ्या दिवशी मशीन भिजून खोकायला लागलं, बंद पडलं, आणि आईला पुन्हा सिलिंडर लावावा लागला. तेव्हा मी म्हटलं, मागच्या पडवीत घेऊ. पडवी आम्ही सरकत्या काचा लावून बंद करून घेतली होती. सुधीर दुपारच्या शिफ्टला निघाला होता, रोह्याची गाडी पकडायची होती. खिडकी उघडी ठेव, एवढं म्हणून तो गेला. मी नळीचं तोंड खिडकीकडे केलं. मशीनपासून आईच्या खोलीपर्यंत वायर नेली. त्या वायरीमुळे पडवी आणि स्वयंपाकघर यांमधलं दार पुरतं लागत नव्हतं. चार बोटांची फट राहायची. पडवीत तांदळाचं पिंप होतं, पापडांचे डबे होते. पाऊस खिडकीतून थेट त्यांवर यायला लागला, तेव्हा मी काच अर्धी सरकवली. दुसऱ्या दिवशी पाऊणभर. मग पुरतीच.

पहिल्या संध्याकाळी नुसतं डोकं दुखलं. चाचणीचे पेपर तपासत होते, उजेड कमी होता, वय झालं, असं काहीबाही मी मनाशी म्हटलं. नऊच्या सुमारास वीज आली, मशीन बंद केलं, आणि खिडकीशी उभी राहिले तर बरं वाटलं.

दुसऱ्या संध्याकाळी स्वयंपाकघरात भाजी चिरताना माझ्या मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. पाऊल वाजलं नाही, स्पर्श नाही. भर गर्दीच्या दुकानात मागचा माणूस आपली पाळी यायची वाट बघत उभा असतो ना, ते पाठीला कळतं. तसं कळलं. मी वळले नाही. थोडी बाजूला सरले, त्याला ओट्यापर्यंत यायला जागा व्हावी म्हणून. सरले हे मला नंतर आठवलं. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

तिसऱ्या संध्याकाळी तो बसलेला दिसला. बाहेरच्या खोलीत आमचा एक लांब लाकडी बाक आहे. त्याच्या अगदी कडेला, संकोचाने, एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा, धोतर, दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरलेली मिटलेली छत्री. छत्रीच्या टोकातून पाणी गळत होतं. चेहरा ओळखीचा नव्हता. दवाखान्यात नंबर लावून बसलेली माणसं जशी समोरच्या भिंतीकडे बघतात, तसे ते बघत होते. मला भीती वाटायला हवी होती. वाटली ती शरम, की हे कधीचे बसलेत आणि घरात कुणी त्यांना विचारलंसुद्धा नाही. मी फडकं आणून बाकाखालचं पाणी पुसायला लागले. फडकं कोरडंच राहिलं. वर बघितलं तर बाक रिकामा होता.

सुधीर आला तेव्हा वीज आलेली होती, जनरेटर बंद होता, खिडक्या उघड्या होत्या. त्याला मी सांगितलं. त्याने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. तू दमली आहेस, आईचं सगळं तूच करतेस, दोन दिवस सुट्टी घे, असं म्हणाला. तोही दमलेला होता. त्याच्या कंपनीत प्रत्येकाच्या छातीवर एक लहानसं यंत्र अडकवलेलं असतं, हवेत विषारी वायू जमला की ते ओरडायला लागतं. ते यंत्र रोज शिफ्ट संपली की गेटवर जमा करून तो घरी यायचा.

यानंतरचं सांगायला मला अजून अवघड जातं. मी संध्याकाळची वाट बघायला लागले. शाळेत शेवटच्या तासाला आकाश भरून आलं की मनात यायचं, आता वीज जाईल. घरी येऊन दोरी ओढायची, मशीन धडधडायला लागायचं, अर्ध्या तासात डोक्यात एक मऊ जडपणा उतरायचा, आणि घर भरलेलं वाटायचं. पोटची मुलं नसलेल्या घरात संध्याकाळी एक पोकळी असते. ती त्या दिवसांत नव्हती. म्हातारे गृहस्थ कधी दिसायचे, कधी नुसते आहेत एवढंच कळायचं. एकदा मी चहाचे दोन कप भरले आणि एक बाकावर ठेवून आले. थोड्या वेळाने तो रिकामा होता. तो मीच प्यायले असणार. आठवत मात्र नाही.

आई तिच्या खोलीतून बघायची. तिची खोली पुढच्या बाजूला. रस्त्यावरची माणसं दिसावीत म्हणून ती भर पावसातही पलंगाजवळची खिडकी वीतभर उघडी ठेवायला लावायची. नाकात नळी, मांडीवर गोधडी, आणि नजर एकदम साफ. एकदा मला जवळ बोलावून म्हणाली, "कुणाशी बोलतेस गो तू?" मी म्हटलं, कुणाशी नाही. तिने विषय सोडला. आपलीच ऐकण्यात चूक झाली असं तिला वाटलं, हे तिने नंतर सांगितलं. म्हातारपणी माणसाला आपल्या कानांचा भरवसा उरत नाही.

मग तो रविवार आला. पावसाने दोन दिवस धरून ठेवलं होतं. भोगावती नदीचं पाणी चढलेलं. सुधीरला कंपनीत जादा ड्यूटी होती म्हणून तो पहाटेच गेला होता. वीज अकराला गेली. इन्व्हर्टर संपताच मी जनरेटर लावला आणि दुपारचे चार वाजले तरी तो चालूच होता. पडवीची काच बंद, घराच्या बाकीच्या खिडक्याही पावसामुळे बंद. उघडी फक्त आईची वीतभर. बाहेर इतकं अंधारलं होतं की चारला सात वाजल्यासारखं वाटत होतं.

आमच्याकडे भांडी-धुण्याला हिरा यायची. अजूनही येते. ती नदीपलीकडच्या आदिवासी वाडीतली. त्या आठवड्यात वाडीचा साकव पाण्याखाली होता म्हणून सहा दिवस आली नव्हती, म्हणजे जनरेटर पडवीत आल्यापासून ती घरात शिरलीच नव्हती. त्या दिवशी पाणी थोडं उतरलं आणि ती आली. हिरा दिवाळीनंतर चार महिने गायब व्हायची. वाडीतली बरीचशी माणसं कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला जातात, घाटावर, कुठे कुठे. या चार महिन्यांवरून मी दरवर्षी तिच्याशी कुरकुरायचे.

ती नेहमीप्रमाणे मागच्या दाराने आली. मला आठवतं ते तुटक आहे. मी बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसले होते, बाकासमोर. उठायचं होतं, पण पाय माझे नव्हते, आणि त्याचं मला काही वाटत नव्हतं. हिरा दारात उभी राहिली. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग पडवीकडे, मग परत माझ्याकडे.

"बाई, भायेर चला," ती म्हणाली.

मी तिला सांगितलं की हे कधीचे बसलेत, यांना आधी चहा द्यायचाय.

तिने बाकाकडे नजरही वळवली नाही. "तिथं कोन नाय. भायेर चला. भट्टीची हवा भरलीय घरात."

मी हलले नाही. तेव्हा तिने माझ्या काखेत हात घातले आणि मला ओढत स्वयंपाकघरातून, पडवीतून, अंगणात नेलं आणि पावसात सोडलं. मग ती परत आत गेली. मशीनचा आवाज थांबला. तो थांबल्याबरोबर माझ्या डोक्यात एकच गोष्ट लख्ख झाली, की आईचं मशीनही थांबलं. मी हातापायांवर रांगत पायरीपर्यंत गेले आणि ओरडायला गेले, चालू कर, आई जाईल. तोंडातून नुसती ओकारी आली.

पुढचं मला आईने सांगितलं. हिरा धावत तिच्या खोलीत गेली आणि पलंगाजवळची खिडकी सताड उघडली. आई धापा टाकायला लागली होती. तिने बोट दाखवून हिराला कपाटातला सिलिंडर काढायला लावला. हिराने तो जन्मात हाताळलेला नव्हता. आईने, एकेक शब्दाला थांबत, तिला सांगितलं, नळी इथे लाव, चावी डावीकडे फिरव, अजून, आता पुरे. गेल्या वेळी माझ्या हातांकडे बघत राहिली होती ना, तेव्हा तिने सगळं शिकून घेतलं होतं. नळीतून हवा आली तशी आईने पहिलं वाक्य म्हटलं ते, "आता शोभाकडे जा."

हिरा शेजारच्या कारखान्यात दत्तूकाकांना बोलवायला गेली. त्यांच्या टेम्पोत मुंबईला जायच्या मूर्ती भरलेल्या होत्या. त्या उतरवून घेईपर्यंत आईपाशी दत्तूकाका थांबले आणि मला कारखान्याच्या ओसरीवर बसवलं. वीज नसल्याने आत काळोख होता आणि काळोखात पांढरेपणा होता, शे-दोनशे मूर्तींचा. टेम्पोतून माणसं एकेक मूर्ती उचलून आणत होती आणि माझ्या अवतीभवती ठेवत होती. गुडघ्याएवढ्या, कमरेएवढ्या, गुळगुळीत, बिनडोळ्यांच्या. मला वाटत होतं, हे सगळे कसल्यातरी उत्तरासाठी थांबलेत आणि प्रश्न मला ऐकू आला नाही. हिरा माझा दंड घट्ट धरून शेजारी बसली होती. तिची नखं माझ्या कातडीत रुतत होती. मी डोळे मिटले की ती दंडाला हिसका द्यायची. त्या वेळी ती एकच वाक्य बोलली, समोर बघत. "माजी भन अशीच गेली."

हॉस्पिटलमध्ये मला मास्क लावला आणि बरोबर आणलेल्या आईला दुसऱ्या खोलीत मशीन. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, घरात काय चालू होतं? मी मास्कच्या आतून म्हटलं, जनरेटर, पडवीत. आणि त्यांनी पुढे काही विचारायच्या आत मला सगळं दिसलं, फळा, खडू, माझं स्वतःचं अक्षर. रंग नाही, गंध नाही, चव नाही. त्यांनी मला विचारलं, तुम्ही काय करता? मी सांगितलं नाही.

आईला जवळजवळ काही झालेलं नव्हतं. ऑक्सिजनवर असल्यामुळे असेल, त्या उघड्या खिडकीमुळे असेल, नक्की सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. माणसं दिसणं, आवाज ऐकू येणं, तेही होऊ शकतं म्हणाले. मेंदूला हवा कमी पडली की तो काहीही जुळवून दाखवतो.

सुधीर थेट रोह्याहून हॉस्पिटलमध्ये आला. तो मला रागावला नाही. घरी परतल्यावर मात्र पडवीच्या पायरीवर एक अख्खा दिवस बसून होता. दुसऱ्या दिवशी त्याने गवंडी बोलावून अंगणाच्या पार टोकाला सिमेंटचा ओटा बांधून घेतला, चारी बाजूंनी मोकळा, वर तिरक्या पावसाचा हिशोब करून उतरता पत्रा. जनरेटर तिथे गेला. घरात भिंतींवर त्याने वायू ओळखणारी दोन यंत्रं लावली. पुढच्या वर्षी मोठ्या बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर घेतला, त्याच्या पहिल्या मनासारखा. तो आवाज करत नाही, वास सोडत नाही. दुकानात या वेळी मी शेवटपर्यंत ऐकलं, आणि दुकानदार सांगत होता ते वहीत लिहून घेतलं.

आईने त्यानंतर दोन पावसाळे काढले. एकदा दुपारी तिचे केस विंचरत होते, तेव्हा ती आपणहून त्या रविवारबद्दल बोलली. म्हणाली, तू बाहेरच्या खोलीत कुणाला तरी म्हणत होतीस, बसा, येतेच मी. मग थांबायचीस, समोरच्याने उत्तर द्यावं इतका वेळ. मग हसायचीस. असं तासभर चाललं होतं. मी विचारलं, मग तू मला हाक का नाही मारलीस? ती म्हणाली, "मला वाटलं, तुझे वडील आले असतील. माझ्याकडे येतील म्हणून मी पदर सारखा करून बसले होते." मग म्हणाली, "पण मला कुणी दिसलं नाही गो." मी तिचा अंबाडा घालत राहिले. ते गृहस्थ वडील नव्हते, हे मी तिला सांगितलं नाही. ते कोण होते हे मला आजही माहीत नाही. माझ्याच मेंदूने त्यांना घडवलं, तर एखादा ओळखीचा चेहरा द्यायला त्याला काय हरकत होती?

शाळेत तो धडा दरवर्षी येतो. आता मी गॅरेज सांगत नाही. पडवी सांगते. कुणाच्या पडवीत हे झालं ते सांगत नाही, पण मुलं त्या तासाला इतकी गप्प असतात की त्यांना माहीत असावं. पेण काही एवढं मोठं नाही.

आज वीज गेली तेव्हा हिरा घरात होती. नेहमीची चक्कर मारून मी मागच्या दाराशी आले तर ती पायरीवर बसली होती, ओले हात गुडघ्यांवर टाकून, पाऊस बघत. इन्व्हर्टर बिनआवाज चालू झाला होता. मी तिच्या शेजारी बसले. चार वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. बहिणीचं काय झालं?

तिने सांगितलं, मध्येमध्ये थांबत. भट्टीवरच्या झोपडीत त्या दोघी होत्या, लग्नाआधीची गोष्ट. अवकाळी पाऊस आला, थंडी वाजत होती, म्हणून बहिणीने घमेल्यातून निखारे आत आणले आणि पोत्याने दार झाकलं. दोघी एका वाकळीत. हिरा उठून बाहेर आली. तिची बहीण नाही आली. एवढंच.

मी म्हटलं, तुला कुणी दिसलं होतं का आत? ती नाही म्हणाली. कोणी दिसलं नाही, आवाज आला नाही. मग तुला कसं कळलं, कशी उठलीस तू?

तिने पत्र्यावरून ओघळणारं पाणी तळहातावर घेतलं, सोडलं.

"बरा वाटत व्हता, बाई," ती म्हणाली. "आंग गरम, पोटात भूक नाय, कसलीच फिकीर नाय. येवडा बरा मला जन्मात कदी वाटला नव्हता. म्हनून भ्याले."